खालमानेचा व्हायोलिनवाला

पापडीच्या अलीकडे एसटीनं खड्डा घेतला आणि कार्मिनच्या पिशवीतून आवाज आला... छन्न्!

अख्ख्या बसनं मान वळवली. कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. पुढच्या बाकावर मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या दोघी कोळणी मागे वळून बघू लागल्या. कार्मिननं पिशवी पोटाशी घट्ट धरली, जशी काही आत चोरीची कोंबडीच होती. एरवी ती घुंगरं टॉवेलात गुंडाळून न्यायची. आज माणिकपूरहून निघताना घाई झाली आणि टॉवेल नाचाच्या टीचरच्या दोरीवरच राहिला.

दुसरा खड्डा आला. छन्न्!

"बाय, पिशवीत बैल हाय काय?"

आवाज शेजारून आला होता. तिथं एक सावळा, उंच मुलगा मांडीवर काळी लांबट पेटी धरून बसला होता. विचारलं त्यानंच, पण बघत होता समोरच्या बाकाच्या पाठीकडे. जणू प्रश्न त्या बाकालाच होता.

"बैल नाही," कार्मिन म्हणाली. "आणि असला तरी तुम्हाला काय?"

"मला काय नाय. त्याचं तिकीट काढलं का, एवढंच विचारतो."

हसायचं नाही असं ठरवूनही तिला हसू आलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर केळीच्या वाड्या मागे पळत होत्या, हवेत माघातला गारवा होता, नि तिच्या कानाच्या पाळ्या मात्र उगाचच गरम झाल्या होत्या.

"आणि तुमच्या पेटीत काय? बंदूक?"

"व्हायोलिन. तार तुटली होती, धोबीतलावला जाऊन आनली."

"वाजवता?"

"देवळात. पाचूबंदरला. वर माळ्यावर क्वायर असते ना, तिथं." तो अजून त्या बाकाशीच बोलत होता. "खालच्यांना मी दिसत नाय, मला खालचे दिसत नाय. बरं असतं."

"त्यात काय बरं?"

"कुनी बघाय लागलं की माझी बोटं गोठतात."

हे सांगताना तरी त्यानं बघावं ना! नाही बघितलं. पापडी आली, कार्मिन उतरली, बस धूळ उडवत पुढं निघाली, तेव्हा कुठं खिडकीतून ओरडला, "बैलाला जपा!" आणि ती वळेपर्यंत पुन्हा मान आत.

घरी जाईपर्यंत कार्मिनच्या ध्यानात आलं की, तिनं त्याचं नावच विचारलं नव्हतं.

*

संडोरच्या फ्रेडरिकची कार्मिन कॉन्व्हेंट शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायची. वाडीत केळी, कुंपणाला मोगरा, विहिरीवर मोटार, गोठ्यात दोन बैल. खाऊनपिऊन सुखी घर. अशा घरच्या मुलीनं शिकावं, नोकरी करावी, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला डोक्यावर ओढणी घेऊन बसावं, यात कुणाला काही खटकत नव्हतं. खटकत होती ती तिच्या पायातली घुंगरं.

ती लहान असताना शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवायला सिस्टरांनी माणिकपूरच्या जानकी टीचरना बोलावलं होतं. टीचर मूळच्या तंजावरकडच्या, नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी वसईत आलेल्या. गॅदरिंग झालं, बाकीच्या पोरी नाच विसरल्या, कार्मिन मात्र दर शनिवारी टीचरच्या दारात हजर. पहिल्याच दिवशी टीचरनी तिला वाकून जमिनीला हात लावायला शिकवलं. "आता आपण हिच्यावर पाय आपटणार. आधी माफी मागायची. मग नाचायचं." कार्मिनला ते फार आवडलं. आपल्याकडे पाप झाल्यावर क्षमा मागतात, इथं आधीच मागून ठेवतात, असं तिनं घरी सांगितलं तेव्हा पप्पासुद्धा हसले होते.

पण मुलगी मोठी झाली तसं हसणं कमी होत गेलं. लग्नात बँडवर नाचलं तर गावाला चालायचं. पायात चाळ म्हटलं की मात्र लोकांना थेट तमाशाच आठवायचा. आईनं, आल्बिनानं, तिची नवी घुंगरं गुपचूप पवित्र पाण्यात बुडवून आणली होती. टीचरनी ती आधीच नटराजाच्या पायाशी ठेवली होती. दोन्हीकडून आशीर्वाद घेतलेली ती घुंगरं रस्त्यानं मात्र टॉवेलात तोंड लपवून जायची.

आणि आता अरंगेत्रम ठरलं होतं. गुरूच्या आणि गावाच्या साक्षीनं शिष्येनं पहिल्यांदा अख्खा कार्यक्रम एकटीनं करायचा, ते अरंगेत्रम. फ्रेडरिकनं बराच वेळ पानाला चुना लावत विचार केला होता, मग म्हणाला होता, "एकदा कर. गावासमोर कर. लोकांनी मान डोलावली तर मी आडवा येणार नाय. पण हसं झालं, तर ती घुंगरं टीचरला परत. मग पुन्हा नाव काढायचं नाय. कबूल?"

"कबूल," असं कार्मिन म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिच्या पोटात एक खड्डा पडला होता, एसटीच्या रस्त्यावर पडतो तसाच. तारीख जवळ येत होती आणि तो खड्डा रुंद होत होता.

त्यात तारखेचाच घोळ निघाला. टीचरनी पंचांग उघडून फेब्रुवारीचा शेवटचा रविवार काढला. तिथी चांगली, नक्षत्र चांगलं, माटुंग्याचे व्हायोलिनवाले मोकळे. कार्मिन नाचाच्या नादात, आई शिवणाच्या नादात; देवळाचं कॅलेंडर कुणी बघितलंच नाही. शाळेचा हॉल मागायला गेल्यावर फादर हिलरींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"टीचर, त्या दिवशी आमचा उपासकाळ. यंदा राखेचा बुधवार लवकर येतोय."

"उपास आम्हीही करतो, फादर," टीचर म्हणाल्या. "आम्ही तर नाचूनही करतो."

"मला चालेल हो. संडोरला चालणार नाही." फादर मनापासून हळहळले. "चाळीस दिवस वाजंत्री नाही, लग्न नाही, नाच नाही. राखेच्या बुधवारच्या आधीचा रविवार घ्या. नाहीतर इस्टरनंतर."

इस्टरनंतर! तोवर केळी उतरवायची, मग लग्नसराई, मग पाऊस... आणि पप्पांचं मन. ते काय मोटारीच्या बटणासारखं थोडंच होतं, दाबलं की चालू? नको, आधीचा रविवारच घेऊ, असं कार्मिननं त्याच पावली सांगून टाकलं. मृदंग वाजवायला टीचरचे दीर रामूअण्णा येणार होते. पण माटुंग्याच्या व्हायोलिनवाल्यांनी नव्या तारखेला हात वर केले.

"व्हायोलिन नाही तर आपलं अभिनयाचं पदम नाही," टीचर कपाळाला हात लावून बसल्या. "आणि पदम नाही तर अरंगेत्रम कसलं, कार्मिन?"

कार्मिनला समोरच्या बाकाशी बोलणारा मुलगा आठवला.

*

त्याचं नाव आग्नेल. वडील मचवा घेऊन समुद्रात जायचे, हा गोखिवऱ्याच्या एका वर्कशॉपात फिटर होता. व्हायोलिन त्याला म्हाताऱ्या बॅप्टिस्ट मास्तरांनी शिकवलं होतं, पाच रेघांवरचं नोटेशन वाचून. पाचूबंदरला निरोप गेला आणि दुसऱ्याच संध्याकाळी तो शाळेच्या हॉलच्या दारात, पेटी छातीशी धरून, हजर.

"मला सांगितलं, बैलाला व्हायोलिन पायजे," तो दाराच्या कडीला म्हणाला.

"बैलाला नाही. बैलवालीला," कार्मिन म्हणाली. बोलून गेल्यावर तिनंच जीभ चावली.

टीचर गायच्या आणि आग्नेल ते पाच रेघांवर उतरवून घ्यायचा. मांडी घालून, व्हायोलिन पायावर टेकवून वाजवणं त्याला जमेना, तेव्हा टीचरनी खुर्ची दिली. "हनुवटीखाली धर, डोक्यावर धर, पण सुरात वाजव." सुरात तो चोख होता. हात भरून येईपर्यंत वाजवायचा, चुकलं की "सॉरी टीचर" म्हणून पुन्हा सुरू. सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते पदमात.

पदमाची गोष्ट साधी. नवरा रुसलाय. घरी आलाय, पण मान खाली घालून बसलाय. ती त्याला म्हणते, स्वामी, एकदा वर बघा. या ओळीला टीचर गाणं थांबवायच्या. मृदंग थांबायचा. फक्त व्हायोलिन तीच ओळ शब्दांवाचून पुन्हा पुन्हा वाजवणार आणि शब्द बोलायचे कार्मिनच्या डोळ्यांनी, हातांनी. एकदा लाडानं, एकदा रागानं, एकदा रडवेल्या तोंडानं... एकदा वर बघा.

आग्नेलनं ओळ चार वेळा वाजवली आणि पुढच्या ओळीवर गेला. कार्मिन अजून रागातच होती. तिचा हात हवेत राहिला.

"चार वेळा का?" टीचरनी विचारलं.

"तुमी काल चार वेळा गायलात. मी लिवून घेतलं."

"काल हिला चार लागले. आज सहा लागतील. बाळा, चार वेळा नाही, हिचं म्हणणं होईपर्यंत."

"पन म्हननं झालं हे कळनार कसं?"

"कागदात कसं कळेल? हिच्याकडे बघ."

आग्नेलची मान होती त्याहून खाली गेली. कानांपर्यंत लाल झाला. "टीचर... तेच तर जमत नाय."

रामूअण्णा मृदंगाआड तोंड लपवून हसले. कार्मिनला हसूही येईना, रागही येईना. एवढं काय वाईट होतं तिच्या चेहऱ्यात?

सरावानंतर तो पेटी बंद करत असताना ती मुद्दाम समोर जाऊन उभी राहिली. "मी काय वाघ आहे?"

"नाय."

"मग?"

"वाघाकडे बघता येतं," तो पेटीच्या कुलपाला म्हणाला. "लोकं काय बोलत नाय."

हॉलच्या मागं मोगरा लवकरच फुलला होता, त्याचा वास खिडकीतून आत येत होता. "मी सांगते म्हणून बघा," ती हळूच म्हणाली. "नाचापुरतं..."

त्यानं मान वर केली. पहिल्यांदा. बघितलं, न बघितलं आणि पुन्हा खाली. पण तेवढ्यात तिला दिसलं की, त्याचे डोळे तपकिरी आहेत आणि तो तिच्याइतकाच घाबरलेला आहे.

त्यानंतर पदम जमू लागलं. तिची नजर झुकली की त्याची बो, तो व्हायोलिनचा गज, झुकायची, तिच्या ओठांवर हसू फुटलं की सूर तिथंच घुटमळायचा... आधी कोण हसलं, सूर की ती, हे तिचं तिलाही कळेनासं झालं. टीचर खूश. रात्री अंथरुणावर पडलं की कार्मिनला ती ओळ ऐकू यायची, आणि पोटातल्या खड्ड्यात भीतीच्या जोडीला आणखी कायतरी येऊन बसलेलं असायचं. ते काय, हे तिला कळत होतं. उगाच कळत नाही असं दाखवायला तिथं दुसरं होतं तरी कोण?

*

शाळेच्या हॉलला खिडक्या होत्या आणि खिडक्यांना मेरीमावशी होती. पाव आणायला जाता-येता ती क्षणभर टेकायची. तो क्षण चांगला पाव शिळा होईपर्यंत चालायचा.

"फ्रेडरिक, नाच बरा चाललाय हो," तिनं एका संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितलं. "पोर नाचते आणि पाचूबंदरचा पोरगा डोळ्यांची पापणी न मिटता बघतो. पापलेट बघावं तसा."

संडोरचे वाडीवाले आणि पाचूबंदरचे दर्यावाले, दोघांचा देव एक, सण एक. वाडीवाल्यांच्या ताटातली मासळी दर्यावाल्यांची, त्यांच्या सणाची केळी वाडीवाल्यांची. पण सोयरीक? तिथं मात्र मध्ये समुद्र होता. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणूनच कुणी मोडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिक हॉलवर आला. टीचर यायच्या होत्या. आग्नेल तार लावत होता. फ्रेडरिक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पोरा, तुझ्यावाचून कार्यक्रम होणार नाय, हे मला ठाव हाय. म्हणून वाजव. पण कागदात बघून वाजव. तिच्याकडे मान वर झालेली मला दिसली, तर मी तिथल्या तिथं उठेन आणि हिला घेऊन जाईन. शब्द दे."

आग्नेलनं कार्मिनकडे बघितलं नाही. "दिला, काका," म्हणाला.

फ्रेडरिक गेल्यावर कार्मिन आग्नेलकडे वळली. "असा कसा शब्द दिलात?" तिचा आवाज चिरकला.

"नसता दिला तर कार्यक्रम गेला असता. तुमची घुंगरं गेली असती."

"आणि बघितलं नाहीत तर पदम जाईल! मग हसं होईल, नि घुंगरं तशीही जातील." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इकडे आड, तिकडे विहीर, दुसरं काय!

"मी ऐकून वाजवीन," तो म्हणाला. "तुमचे पाय ऐकीन. घुंगरं सांगतील ना मला, कुठं हायत तुमी."

टीचरना सांगायचं नाही असं ठरलं. त्यांनी फ्रेडरिकशी भांडण काढलं असतं आणि रविवार तर तोंडावर आला होता. आग्नेल कागदावर डोळे रोवून, कान टवकारून वाजवायला लागला आणि खरंच, जवळजवळ सगळं जमलं. घुंगरं जोरात तर तो जोरात, घुंगरं थांबली की तो थांबे. फक्त त्या एका ओळीला कार्मिन जागची हलत नव्हती. तिथं पाय बोलतच नव्हते. घुंगरं मुकी. त्या ओळीला तो आंधळ्यासारखा चाचपडायचा. कधी लवकर पुढं जायचा, कधी उगाच रेंगाळायचा.

"रविवारी जमेल," तो दर वेळी म्हणायचा. कागदाला.

*

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. पुढं फादर, सिस्टरा, मध्ये फ्रेडरिक सफारीची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेला. डावीकडे संडोर. उजवीकडे, कुणी न सांगता वेगळं बसलेलं, पाचूबंदर. आपला पोरगा स्टेजवर वाजवणार म्हणून आग्नेलची आई रोझलीन शेजारणींना घेऊन आली होती, डोक्यात गजरा माळून. मेरीमावशी खिडकी सोडून पहिल्यांदाच आत बसली होती.

पडद्याआड कार्मिन उभी होती. आईनं तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, टीचरनी घुंगरं बांधली. आग्नेल खुर्चीवर, समोर कागद लावायची घोडी. तो पुटपुटत होता.

"काय म्हणताय?"

"नमो मरिये," तो म्हणाला. "दुसरं काय येतं मला?"

पडदा सरकला. कार्मिननं वाकून जमिनीला हात लावला, क्षमा मागितली आणि पाय उचलला.

आधीचा तासभर कसा गेला, ते तिला पुढं कधीच नीट आठवलं नाही. एवढं आठवतं की, घुंगरं आणि मृदंग एकमेकांना सोडत नव्हते, टाळ्या येत होत्या, फादर पुढं झुकून बघत होते. पप्पांचा चेहरा मात्र दगडी. मग टीचरनी पदम धरलं.

ती ओळ आली. टीचर थांबल्या. मृदंग थांबला. हॉलमध्ये नुसतं व्हायोलिन.

कार्मिननं लाडानं विनवलं. वर बघा ना...

व्हायोलिन वाजत होतं, पण भिंतीला बोलावं तसं. ती ओठ दाबून रागावली, तर सूर अजून लाडातच. ती पाठ फिरवून पुन्हा वळली, तोवर तो ओळीच्या शेवटाला पोचला होता. थांबला. पुढं जावं की नाही? घुंगरं मुकी. चाचपडत त्यानं पुन्हा सुरुवात केली, मध्येच सोडली. बो तारेवर किरकिरली.

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन् हसलं. मग आणखी कुणी.

कार्मिनला वाटलं, संपलं. घुंगरांची पिशवी टीचरच्या खुंटीवर टांगलेली तिला स्पष्ट दिसली. काय होतं हातात? ओळ होती. तिनं आखलेलं सगळं सोडून दिलं. चार पावलं टाकून ती खुर्चीजवळ आली, त्या खाली घातलेल्या मानेसमोर गुडघे टेकून बसली आणि हात पसरून म्हणाली... शब्दांवाचून म्हणाली, डोळ्यांत खरं पाणी घेऊन म्हणाली, एकदा, फक्त एकदा, वर बघा.

आग्नेलला तिच्या साडीची कड दिसली असणार. घामाचा थेंब कागदावर पडला. पण मान? मान वर झाली नाही. शब्द दिला होता ना त्यानं! दर्यावाल्याचा शब्द. तो खालमानेनं तीच ओळ वाजवत राहिला.

तिनं पुन्हा विनवलं. हसणं थांबलं होतं. पाचूबंदरच्या बायका पुढं सरकल्या होत्या, संडोरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. तिनं तिसऱ्यांदा हात जोडले...

"अरे ए पोरा!"

फ्रेडरिक उभा राहिला होता. सफारीचं वरचं बटण तुटून लोंबत होतं.

"वर बघ की रे! पोरगी केव्हाची सांगते तुला!"

मग असा हशा पिकला की, खिडक्या हादरल्या. मात्र कार्मिन ज्याला इतके दिवस भीत होती, ते हे हसणं नव्हतं. डावीकडचं संडोर आणि उजवीकडचं पाचूबंदर एकाच वेळी हसत होतं, डोळे पुसत होतं. रोझलीन तर उभी राहून म्हणाली, "बग रे बाबा, बग! मानूस सांगतोय ना!"

आग्नेलनं मान वर केली.

आणि त्यानं बघितलं. नाचापुरतं नाही, चोरून नाही, दाराच्या कडीकडे नाही. सरळ तिच्याकडे. कार्मिनच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. व्हायोलिन त्या हसण्यापाशी थांबलं, तिथंच फिरत राहिलं, ती लाजली तसं हलकं झालं, तिनं डोळे मिटले तसं विरत गेलं. किती वेळा वाजली ती ओळ? कोण मोजतंय! तिचं म्हणणं होईपर्यंत वाजली.

*

शेवटच्या टाळ्या अजून वाजतच होत्या, तेवढ्यात फ्रेडरिक स्टेजमागं आला. कार्मिन घुंगरं सोडत होती. आग्नेल उभाच होता, मान पुन्हा जागच्या जागी, खाली.

"तू शब्द मोडलास," फ्रेडरिक म्हणाला.

"हो, काका."

"मीच मोडायला लावला, ते सोड." फ्रेडरिकनं घसा खाकरला. "टीचर, एक विचारू? गाणं मला कळलं नाय. कुठली भाषा ती, देव जाणे. मग ती काय म्हणते ते मला कसं कळलं?"

जानकी टीचरना सगळा प्रकार कळला तो तेव्हा. त्या रागवायच्या तयारीत होत्या, पण त्यांचे डोळे भरून आले. "त्यासाठीच हे शिकायचं असतं, फ्रेडरिकभाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

कार्मिन घुंगरं टॉवेलात गुंडाळायला लागली. फ्रेडरिकनं टॉवेल काढून घेतला आणि आपल्या खांद्यावर टाकला.

"वाजू दे."

तिनं पप्पांचा हात धरला, केळीच्या डागांनी काळा पडलेला. त्यांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांचंही नाक लाल झालं होतं. जाता जाता ते आग्नेलपाशी थांबले.

"उपासकाळात सोयरिकीचं बोलत नाय आमच्यात. तुमच्यातही नसतील बोलत. इस्टर होऊ दे. मग आईबापाला घेऊन ये वाडीवर. बाकी मग बघू."

"मासे घेऊन येईन, काका," आग्नेलच्या तोंडून निघून गेलं.

"ये. केळी मी देईन." आणि ते निघून गेले.

दोघंच उरली. बाहेर बैलगाडी जोडल्याचा आवाज आला. आग्नेल जमिनीकडे बघत होता. जित्याची खोड!

"चाळीस दिवस," कार्मिन म्हणाली. "तुमचं व्हायोलिन बंद, माझी घुंगरं बंद. काय करणार?"

त्यानं मान वर केली. आता त्याला कुणी सांगावं लागलं नाही. "बघनार," तो म्हणाला. "लई दिवसांचं बाकी हाय. बसमध्ये बाकाशी बोललो ना, तवापासून. कार्मिन... मला तू फार आवडतेस."

"बाकाला सांगितलंस की मला?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी उचलून पळाली. घुंगरं सगळ्या गावाला ऐकू जातील अशी वाजत गेली.

*

राखेच्या बुधवारी संडोरचं देऊळ भरलं होतं. ना व्हायोलिन, ना घंटा. कार्मिन वेदीपाशी गेली, फादर हिलरींनी तिच्या कपाळावर राख लावली, 'तू माती आहेस' म्हणून आठवण करून दिली. ती मातीची आठवण घेऊन गंभीर चेहऱ्यानं मागं वळली, आणि तिची पावलं अडली.

शेवटच्या रांगेत आग्नेल बसला होता. आपलं पाचूबंदरचं देऊळ सोडून, आपला माळा सोडून, खाली, माणसांत. कपाळावर राख होती आणि मान ताठ वर.

कार्मिन कशीबशी बाकापर्यंत पोचली आणि पप्पांच्या शेजारी गुडघ्यांवर टेकली. फ्रेडरिकनं एकदा लेकीच्या तोंडाकडे बघितलं, एकदा मागं वळून बघितलं, आणि हात जोडत हळूच पुटपुटला,

"आता तरी मान खाली घाल म्हणावं त्याला. देवळात हाय."